एमएस : हल्ला थांबतो, झीज थांबत नाही

कुत्रा चावला तर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही धास्ती घेऊन आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. ती लस कसौलीला डेव्हिड सेंपल या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १९११ मध्ये तयार केली होती. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, मग तो मेंदू घोटून त्यातला विषाणू फिनॉलने निकामी करायचा आणि तो द्राव माणसाला टोचायचा. विषाणू मेलेला असे, पण त्याच्याबरोबर मेंढीचा मेंदूही अंगात जाई. बहुतेकांना त्याने काही होत नसे. थोड्यांना मात्र दोनेक आठवड्यांत ताप, पाय लुळे पडणे, लघवी अडणे असा त्रास सुरू होई. रेबीज टळायचा आणि अर्धांग पदरात पडायचे. १९८७ मध्ये थायलंडमधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या शरीरात ‘मायेलिन बेसिक प्रोटीन’ या मेंदूतल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे दाखवून दिली. भारतात ही लस २००४-०५ मध्ये एकदाची बंद झाली.

मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे बोलण्यात रूढ असलेल्या ‘एमएस’चा, विचार इथून सुरू करण्याला कारण आहे. पाश्चरच्या मूळ लशीनंतरही असे अपघात होत होते, आणि त्याचा दोष विषाणूचा की मेंदूच्या ऊतींचा हा वाद जुना होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी १९३३ ते १९३५ या काळात तो सोडवला. त्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हापुन्हा टोचला. विषाणूचा मागमूस नव्हता, तरी काही माकडे लंगडू लागली. त्यांचे मेंदू उघडून पाहिले तर बारीक रक्तवाहिन्यांभोवती पेशींची गर्दी होती आणि तेवढ्या जागेतले मायेलिन, म्हणजे चेतातंतूंभोवतीचे स्निग्ध वेष्टन, नाहीसे झाले होते. एमएसच्या रुग्णांच्या मेंदूत झां-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये पॅरिसला वर्णन केलेले चट्टे या चित्राशी चांगलेच मिळतेजुळते होते. शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदूवर उलटते, ही कल्पना तेव्हापासून रुजली.

ती कल्पना बरोबर होती, पण अपुरी होती. नव्वद वर्षांच्या संशोधनाचा हिशेब मांडायचा तर मला तो असा दिसतो : एमएस कोणाला होईल आणि त्याचे झटके कधी येतील, हे रक्तातून येणाऱ्या पेशी ठरवतात, आणि त्यांना रोखण्यात वैद्यकाला घवघवीत यश आले आहे. पण वीस वर्षांनी माणूस चालत असेल की खुर्चीत असेल, हे बऱ्याच अंशी मेंदूत आधीपासून राहणाऱ्या पेशी ठरवतात, आणि तिथे आपले हात अजून जेमतेम पोचले आहेत. या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने रुग्णांच्याही अपेक्षा चुकतात आणि औषधांच्या जाहिरातींचेही फावते.

जगभरात सुमारे अठ्ठावीस लाख लोकांना हा आजार आहे. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो. बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. एका डोळ्याने धूसर दिसू लागणे, कमरेखाली बधिरपणा, चालताना तोल जाणे, असे काहीतरी काही दिवसांत वाढत जाते, काही आठवडे टिकते आणि बहुधा ओसरते. हा झटका, डॉक्टरांच्या भाषेत रिलॅप्स. पुढे केव्हातरी दुसरा येतो. काहींमध्ये दहा-वीस वर्षांनी झटके विरळ होतात, पण पाय मात्र हळूहळू जड होत जातात. साधारण दहा-पंधरा टक्क्यांना झटके येतच नाहीत, पहिल्यापासून उतरणच.

झटका घडवणाऱ्यांत पहिला संशय टी-पेशींवर, म्हणजे संरक्षक यंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर, गेला. १९६० मध्ये फिलिप पॅटरसन यांनी आजारी उंदीरवर्गीय प्राण्यांच्या लसिकाग्रंथींमधल्या पेशी निरोगी प्राण्यांत सोडून आजार पोचवून दाखवला. नुसते रक्तद्रव देऊन तो पोचत नव्हता. १९८१ मध्ये अव्राहम बेन-नून, हार्टमुट वेकर्ले आणि इरुन कोहेन यांनी मायेलिन बेसिक प्रोटीन ओळखणाऱ्या टी-पेशींचे शुद्ध वाण प्रयोगशाळेत वाढवले, आणि तेवढ्याच टोचून उंदराला लुळे केले. अशा पेशी तर निरोगी माणसांच्या रक्तातही सापडतात, तुमच्या-माझ्याही. थायमस ग्रंथीत टी-पेशींची चाळण होते तेव्हा स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या बऱ्याचशा पेशी मारल्या जातात, सगळ्या नाहीत. मग एमएस होणाऱ्यांत वेगळे काय असते? एक म्हणजे जनुकांचा कल. एचएलए-डीआरबी१*१५:०१ हा प्रकार ज्याच्याकडे आहे त्याला धोका सुमारे तिप्पट. आणि हे रेणू नेमके टी-पेशींपुढे प्रथिनांचे तुकडे धरून दाखवण्याचे काम करतात. २०१९ मध्ये सत्तेचाळीस हजारांहून अधिक रुग्णांची जनुके तपासून धोक्याशी निगडित दोनशे तेहतीस खुणा नोंदवल्या गेल्या. त्यांतल्या बहुसंख्य प्रतिकारयंत्रणेतल्या पेशींशी संबंधित निघाल्या. दुसरे म्हणजे, आवर घालणाऱ्या ‘नियामक’ टी-पेशी. त्यांची संख्या एमएसच्या रुग्णांत पुरेशी असते, पण त्यांचा वचक कमी पडतो, असे डेव्हिड हाफ्लर यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले. ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान, किशोरवयातला लठ्ठपणा यांनी धोका वाढतो हेही खरे, पण त्यांतल्या कशानेही गणित एकट्याने सुटत नाही.

चिथावलेली टी-पेशी मेंदूत शिरते कशी, हे पाहण्यासारखे आहे. वेकर्ले यांच्या म्युनिकच्या गटाने २००९ मध्ये जिवंत उंदराच्या मज्जारज्जूवर सूक्ष्मदर्शक लावून त्याचे चलच्चित्र टिपले. चमकत्या रंगाने ओळखू येणाऱ्या टी-पेशी आधी रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि तिच्यावर सरपटत राहतात, तेही पुष्कळदा रक्ताच्या प्रवाहाच्या उलट दिशेने. मग भिंत ओलांडून बाहेर येतात, पण लगेच मेंदूत घुसत नाहीत. रक्तवाहिनीच्या बाहेरच्या अंगाला बसलेल्या भक्षक पेशींना त्या आळीपाळीने चाचपत फिरतात. त्या भक्षक पेशीने मायेलिनचा तुकडा दाखवला, आणि तो ओळखीचा निघाला, तरच टी-पेशी पुन्हा चेतते, दाहकारक रसायने सोडते आणि आत सरकते. ओळख पटली नाही तर बहुतेक पेशी आत सरकत नाहीत. म्हणजे दोन वेळा दाखला द्यावा लागतो : एकदा लसिकाग्रंथीत, दुसऱ्यांदा मेंदूच्या वेशीवर.

भिंतीला चिकटायला टी-पेशीला अल्फा-४ इंटेग्रिन नावाचा रेणू लागतो. तो झाकणाऱ्या प्रतिपिंडाने प्राण्यांतला आजार टळतो हे १९९२ मध्ये दिसले आणि त्यातून नॅटालिझुमॅब हे औषध निघाले. मोठ्या चाचणीत त्याने झटक्यांचे प्रमाण अडुसष्ट टक्क्यांनी घटवले. पेशी मारल्या नाहीत, त्यांचे काम बिघडवले नाही, फक्त दार लावले, आणि झटके थांबले. रक्तातून येणाऱ्या पेशीच झटका घडवतात याचा माणसातला सर्वांत स्वच्छ पुरावा हाच, असे मी मानतो. त्याची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले औषध फेब्रुवारी २००५ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले, कारण काही रुग्णांच्या मेंदूत जेसी विषाणूने धुमाकूळ घातला. हा विषाणू निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात मुकाट पडून असतो. टी-पेशींची मेंदूतली गस्त बंद झाली तेव्हा त्याला रान मोकळे मिळाले. कडक देखरेखीच्या अटीवर २००६ मध्ये औषध परत आले. फिंगोलिमॉड हे २०१० मध्ये आलेले तोंडाने घ्यायचे औषध टी-पेशींना लसिकाग्रंथीतून बाहेरच पडू देत नाही; तत्त्व निराळे, निकाल त्याच जातीचा.

इथवर ऐकले की वाटते, कोणती टी-पेशी, कोणते रसायन हे शोधून तेवढेच बंद केले की झाले. तसे करून पाहिले, आणि त्या अपयशांची यादी यशांइतकीच शिकवणारी आहे. १९८७ मध्ये अठरा रुग्णांना इंटरफेरॉन-गॅमा हे प्रतिकारयंत्रणेचे रसायन उपचार म्हणून दिले, तर सात जणांना झटके आले. त्याचेच भावंड म्हणता येईल असे इंटरफेरॉन-बीटा मात्र १९९३ मध्ये एमएसचे पहिले मान्यताप्राप्त औषध ठरले. उंदरांत टीएनएफ हा दाहकारक रेणू रोखला की आजार आटोक्यात येई. माणसांत तो रोखल्यावर झटके वाढले. संधिवातावर टीएनएफ-रोधक औषध देण्याआधी डॉक्टर आजही घरात कोणाला एमएस आहे का, हे विचारतात ते म्हणूनच. सीडी४ प्रकारच्या टी-पेशी कमी करणाऱ्या प्रतिपिंडाने फारसे काही साधले नाही. मायेलिनच्या तुकड्यात थोडा फरक करून टी-पेशींना भुलवण्याचा प्रयोग २००० साली आठ रुग्णांनंतर थांबवावा लागला. तिघांना झटके आले आणि त्यांतल्या दोघांचा संबंध थेट त्या तुकड्याशी जोडता आला.

उंदीर फसवा आहे, हा याचा एक अर्थ. उंदरांतला आजार मुख्यतः सीडी४ टी-पेशींचा, तर माणसाच्या चट्ट्यांत सीडी८ टी-पेशी संख्येने जास्त असतात. एकाच मूळ पेशीपासून फोफावलेले त्यांचे कुटुंबकबिले चट्ट्यांत सापडतात, आणि त्यांतल्या काही तिथेच कायमचा मुक्काम ठोकतात. पण उंदराला शिव्या घालण्यात अर्थ नाही. नॅटालिझुमॅब त्याच्याच जिवावर मिळाले.

खरी कलाटणी अनपेक्षित बाजूने आली. एमएसच्या रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात प्रतिपिंडे वाढलेली असतात, हे एल्व्हिन काबट यांनी १९४० च्या दशकातच दाखवले होते. त्या पाण्याची जेलवर तपासणी केली की प्रतिपिंडांचे ठळक पट्टे उमटतात, आणि निदानासाठी ते आजही पाहिले जातात. प्रतिपिंडे बनतात बी-पेशींच्या वंशातून. तरीही कित्येक दशके बी-पेशींकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. कॅलिफोर्नियातल्या स्टीफन हाउसर यांनी चिकाटीने तो धागा धरला. २००८ मध्ये लिंफोमावरचे रिटुक्सिमॅब हे औषध त्यांनी एमएसच्या एकशे चार रुग्णांच्या चाचणीत वापरले. एमआरआयवर दिसणारे ताजे चट्टे एक्क्याण्णव टक्क्यांनी घटले, आणि तेही काही आठवड्यांत.

त्या निकालातली मेख अशी की, रिटुक्सिमॅब ज्या सीडी२० खुणेवर नेम धरते, ती खूण प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर नसतेच. प्रतिपिंडांचे पट्टे जवळपास तसेच राहिले आणि झटके मात्र थांबले. म्हणजे बी-पेशींचा गुन्हा निदान मुख्यत्वे प्रतिपिंडांचा नव्हता. त्या टी-पेशींपुढे प्रथिनांचे तुकडे धरतात, त्यांना चिथवणारी रसायने सोडतात, आणि ही चिथावणी बंद पडली की टी-पेशीही मवाळ होतात. उलट बाजूचा पुरावा अटासिसेप्टने दिला : बी-पेशींच्या वाढीचे संकेत रोखणाऱ्या आणि प्लाझ्मा पेशींनाही भिडणाऱ्या या औषधाने एमएसचे झटके वाढले. बहुधा त्यात आवर घालणाऱ्या चांगल्या बी-पेशीही बळी गेल्या. एकाच कुळातल्या पेशी आग लावतात आणि विझवतातही, हे इथे जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे क्वचितच.

बी-पेशी चर्चेत आल्यावर एप्स्टाईन-बार विषाणूचा जुना संशयही वर आला, कारण हा विषाणू आयुष्यभर घर करतो ते बी-पेशींतच. अडचण अशी होती की, हा विषाणू जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांना होऊन गेलेला असतो. जे सगळ्यांना होते त्याला कारण कसे म्हणायचे? हार्वर्डच्या अल्बर्टो आशेरियो यांच्या गटाने अमेरिकी सैन्यात जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांकडे मोर्चा वळवला. एक कोटीहून अधिक सैनिकांपैकी नऊशे पंचावन्न जणांना नोकरीच्या काळात एमएस झाला. ज्यांचे नमुने मिळाले अशा आठशे एक रुग्णांपैकी पस्तीस जणांना सुरुवातीला विषाणूची बाधा झालेली नव्हती. त्यांतल्या चौतीस जणांना ती एमएसच्या आधी झाली. बाधेनंतर धोका बत्तीस पटींनी वाढला, दुसऱ्या कुठल्या विषाणूने असे झाले नाही. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला हा निबंध या विषयातला या शतकातला सर्वांत वजनदार आहे, असे म्हणायला मी कचरणार नाही. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या विल्यम रॉबिन्सन यांच्या गटाने विषाणूच्या ईबीएनए१ या प्रथिनावर उठलेले प्रतिपिंड मेंदूतल्या ग्लायलकॅम या प्रथिनालाही चिकटते हे दाखवले. पण असे प्रतिपिंड साधारण पाव रुग्णांतच आढळते, तेव्हा सगळे कोडे तेवढ्याने उलगडत नाही. बाधा शंभरांतल्या नव्वदांना होते आणि एमएस अगदी मोजक्यांना, याचा अर्थ विषाणू हवाच, पण पुरेसा नाही.

आता परिणामांकडे. फ्रान्समधल्या लियों शहरात क्रिस्तियाँ काँफाव्ह्रे यांनी एक हजार आठशे चव्वेचाळीस रुग्णांची वर्षानुवर्षांची नोंदवही तपासली आणि २००० साली निष्कर्ष मांडला. चालण्यावर बंधने येऊ लागतात त्या टप्प्यापर्यंत कोण किती लवकर पोचतो यात झटक्यांमुळे फरक पडतो. पण तो टप्पा ओलांडल्यावर झटके येवोत किंवा न येवोत, पुढच्या घसरणीचा वेग साधारण सारखाच. केंब्रिजमध्ये ॲलिस्टर कॉम्प्स्टन आणि ॲलस्डेअर कोल्स यांना हेच दुसऱ्या वाटेने कळले. जवळजवळ सगळ्या लिंफोसाइट, म्हणजे टी- आणि बी-पेशी, पुसून टाकणारे अलेमटुझुमॅब त्यांनी १९९० च्या दशकात मुरलेल्या आजाराच्या रुग्णांना दिले. नवे चट्टे जवळपास बंद झाले, आणि तरीही अनेकांचे अपंगत्व वाढत राहिले, मेंदू आक्रसत राहिला. त्यावरून त्यांनी औषध आजाराच्या सुरुवातीला द्यायचे ठरवले आणि तिथे त्याचा गुण आला. त्याची किंमतही होती : पेशी नव्याने उगवताना जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांना थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार जडला.

झटक्यांविना वाढणाऱ्या या अपंगत्वाला हल्ली ‘पायरा’ म्हणतात. ते फक्त मुरलेल्या आजारात होते, असा समज होता. तो आता टिकत नाही. बी-पेशींवरच्या ऑक्रेलिझुमॅबच्या चाचण्यांची फेरतपासणी केली तेव्हा दिसले की, झटक्यांचा आजार असलेल्या रुग्णांतही जे अपंगत्व साचले त्याचा मोठा हिस्सा झटक्यांविनाच साचला होता. हेच ऑक्रेलिझुमॅब पहिल्यापासून उतरणीला लागलेल्या आजारावर २०१७ मध्ये मंजूर झालेले पहिले औषध. तिथला निकाल आकड्यांत पाहावा : अपंगत्व वाढलेल्यांचे प्रमाण औषधाने बत्तीस पूर्णांक नऊ टक्के, नुसत्या सलाइनने एकोणचाळीस पूर्णांक तीन. ताजे चट्टे जवळपास शून्यावर आणणाऱ्या औषधाला उतरणीवर इतकाच लगाम घालता येतो.

आत चालते काय? मेंदूच्या आवरणांत बी-पेशींनी वसाहती केलेल्या आढळतात. रोबेर्ता मॅलियोत्सी यांनी २००७ मध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या मुरलेल्या आजाराच्या सुमारे चाळीस टक्के मेंदूंत त्या होत्या, आणि ज्यांच्यात होत्या त्यांच्या मेंदूचा पृष्ठभाग अधिक झिजलेला होता. पण मुख्य पात्र मायक्रोग्लिया. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये या पेशी ओळखल्या. त्या रक्तातून येत नाहीत. गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत पीतक कोशात तयार होऊन त्या मेंदूत शिरतात आणि जन्मभर तिथेच राहतात. मेलेले उचलणे, तुटलेले साफ करणे, चेतापेशींच्या जोडांची छाटणी करणे ही त्यांची रोजची कामे. एमएसच्या काही जुन्या चट्ट्यांच्या कडेला या पेशी लोह गिळून वर्षानुवर्षे चेतलेल्या राहतात. राखेखालच्या निखाऱ्यासारखी ती कड धुमसत बाहेर सरकते. चेताविज्ञानात याला ‘स्मोल्डरिंग’ म्हणतात ते यथार्थ आहे. लोहामुळे विशिष्ट पद्धतीच्या एमआरआयवर या चट्ट्याला काळी किनार दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्तिना आब्सिंता यांनी २०१९ मध्ये दाखवले की, असे किनारीचे चट्टे चार किंवा अधिक असतील तर हालचालींचे आणि बुद्धीचे अपंगत्व लवकरच्या वयात येते, मग बाकी उपचार कोणतेही चालू असोत.

जनुकांनीही याला दुजोरा दिला. आजार किती गंभीर होईल याच्याशी निगडित पहिली पक्की खूण २०२३ मध्ये सुमारे बावीस हजार रुग्णांच्या अभ्यासातून हाती लागली. तिच्या दोन्ही प्रती असलेल्यांना काठीची गरज सरासरी तीन पूर्णांक सात वर्षे आधी लागते. धोका वाढवणाऱ्या दोनशेहून अधिक खुणा प्रतिकारपेशींकडे बोट दाखवत होत्या. गंभीरतेची ही खूण मात्र मेंदू आणि मज्जारज्जूत काम करणाऱ्या जनुकांजवळ सापडली. आजार लागण्याची कारणे एक आणि तो कुठवर नेईल याची कारणे दुसरी, ही विभागणी इतक्या स्वच्छपणे क्वचितच हाती येते.

मग मायक्रोग्लियांना गप्प करावे का? बीटीके नावाचे एक प्रथिन बी-पेशींतही असते आणि मायक्रोग्लियांतही. ते रोखणारे टोलेब्रुटिनिब मेंदूत शिरते. झटक्यांच्या आजारात ते टेरिफ्लुनोमाइड या जुन्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. पण झटके थांबून उतरण सुरू झालेल्या एक हजार एकशे एकतीस रुग्णांच्या चाचणीत अपंगत्व वाढण्याचा धोका त्याने एकतीस टक्क्यांनी घटवला. झटके रोखण्यात सामान्य आणि झीज रोखण्यात उपयोगी, असा हा उलटा निकाल दोन प्रक्रिया वेगळ्या असल्याची साक्षच देतो. यकृताला गंभीर इजा होण्याचा धोका मात्र आहे. चाचणीत एक मृत्यूही झाला. ज्या चाचण्यांवर औषधे ठरतात त्यांत मोजमाप बहुधा पायांचे असते, हेही विसरू नये. जॉन कुर्ट्झ्की यांची शून्य ते दहाची पट्टी अर्ध्यावर पोचली की ती जवळजवळ चालण्याचीच पट्टी होते. शर्टाची बटणे लावता येणे, हिशेब ध्यानात राहणे, दुपारनंतरचा गळून जाणारा थकवा यांना तिथे फारशी जागा नाही.

मायक्रोग्लियांना सरसकट बंद करण्यात दुसरा धोका आहे. उघड्या पडलेल्या चेतातंतूवर नवे मायेलिन चढायचे तर आधी जुन्याचा कचरा साफ व्हावा लागतो आणि ती सफाई या भक्षक पेशीच करतात. म्हाताऱ्या उंदरांत ही सफाई मंदावते. २०१२ मध्ये म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचे रक्ताभिसरण जोडले, तेव्हा तरुण रक्तातल्या भक्षक पेशींनी म्हाताऱ्याच्या मज्जारज्जूतला कचरा उपसला आणि मायेलिन पुन्हा चढू लागले. वय हा एमएसमधला मोठा घटक आहे तो याही कारणाने.

आपल्याकडे एमएस युरोपच्या मानाने विरळ. मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात तो इतर भारतीयांहून बराच अधिक आढळतो, हे डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० मध्ये नोंदवले होते. आपल्या डॉक्टरांना पहिला प्रश्न असतो तो निदानाचा, आणि त्याचे उत्तरही प्रतिकारपेशींच्या स्वभावात आहे. डोळ्याची नस आणि मज्जारज्जू यांवर हल्ला करणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा आजार आशियात अनेक वर्षे एमएसचाच प्रकार समजला जाई. २००४-०५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये व्हांडा लेनन यांनी त्यामागचे अॅक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड शोधले. तिथे गुन्हेगार खरोखरच प्रतिपिंड आहे. म्हणूनच इंटरफेरॉन-बीटा, नॅटालिझुमॅब, फिंगोलिमॉड ही एमएसची औषधे त्या आजारात बिघाड करू शकतात. ती तपासणी न करता उपचार सुरू करणे हे आपल्याकडे विशेष महागात पडते.

रिटुक्सिमॅब मात्र दोन्हीकडे चालते, आणि २००७ पासून भारतीय बनावटीचे मिळत असल्याने खिशालाही तुलनेने झेपते. मूळ मंजुरी एमएससाठी नाही, तरी स्वीडनमध्ये ते वर्षानुवर्षे आघाडीचे औषध आहे. तिथल्या दोनशे रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांत झटका आलेले रिटुक्सिमॅबवर तीन टक्के होते, डायमिथाइल फ्युमरेट या दुसऱ्या औषधावर सोळा. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठी ते आवश्यक औषधांच्या यादीत घातले. बी-पेशी पुसण्याआधी काविळीच्या बी विषाणूची तपासणी चुकवून चालत नाही, क्षयाचा इतिहास विचारावाच लागतो, आणि लशी आधी टोचून घ्याव्या लागतात. कोविडच्या काळात या रुग्णांत लशीने प्रतिपिंडे जेमतेम तयार झाली, टी-पेशींचा प्रतिसाद मात्र चांगला आला. वर्षानुवर्षे औषध चालू राहिले की रक्तातली प्रतिपिंडे घटत जातात आणि छातीचे संसर्ग वाढतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, पण प्रमाणपत्रासाठी अपंगत्व टक्क्यांत मोजले जाते आणि तिथेही थकवा मोजायची सोय नाही.

औषध थांबवायचे केव्हा, हा प्रश्न आता ओपीडीत सर्रास येतो. अडतीस चाचण्या एकत्र करून २०१७ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार, प्रतिकारपेशींवरच्या औषधांचा अपंगत्वावरचा सरासरी फायदा वयाच्या त्रेपन्नच्या सुमारास शून्यावर येतो. दुसरीकडे पंचावन्न वर्षांवरच्या, पाच वर्षे झटका न आलेल्या अमेरिकी रुग्णांत औषध बंद करून पाहिले. चालू ठेवलेल्यांपैकी चार पूर्णांक सात टक्क्यांना नवा झटका किंवा नवा चट्टा आला, बंद केलेल्यांपैकी बारा पूर्णांक दोन टक्क्यांना. बहुतेकांत तो केवळ एमआरआयवरचा चट्टा होता. त्या चाचणीत बहुतेकजण जुन्या सौम्य औषधांवर होते. रिटुक्सिमॅबवर दहा वर्षे काढलेल्या पंचावन्न वर्षांच्या बाईला या आकड्यांचा आधार थेट घेता येत नाही. तिच्याबाबतीत काही डॉक्टर सहा महिन्यांचा डोस वर्षावर नेतात, प्रतिपिंडांची पातळी तपासत राहतात आणि दरसाल एमआरआय करतात.